हौदातलं सुतक

वहिनी, तुम्हांला नेलं त्या दुपारी मी घरात थांबले नाही. ओल्या केसांनी, पायांत कुणाच्या तरी चपला अडकवून रिक्षात बसले आणि वसई स्टेशनकडे गेले. थोरली जाऊ गेली आणि धाकटी बाजाराला निघाली, हे भुईगावात सगळ्यांनी पाहिलं. आज तुमचा दहावा झाला, तरी त्यावरची कुजबुज संपलेली नाही. मी कुणाला काही सांगितलं नाही. काय सांगणार, की माशांचं औषध आणायला गेले होते? तुम्हांला मात्र सांगायलाच हवं. मासे तुमचे होते, आणि त्या औषधावरून आपलं भांडण अजून मिटलेलं नव्हतं.

भांडण आपलं जुनं, विहीर खारी झाली तेव्हापासूनचं. टँकरवाल्यांनी आजूबाजूच्या विहिरी उपसून उपसून कोरड्या केल्या, खालून समुद्र वर आला, आणि आपल्या वाडीतल्या केळीची पानं कडेकडेने करपायला लागली. तोवर मागच्या दारचा हौद विहिरीवरच भरायचा. थोरल्या भाऊजींनी तो वाडीला पाणी सोडायला बांधला होता. त्यात मासे नंतर आले, भाऊजी गेल्यावर.

वाडीच्या टोकाला आपलं बावखल होतं, पावसाचं गोडं पाणी वर्षभर धरून ठेवणारं तळं. त्यात भाऊबंदांचे वाटे होते. सगळ्यांनी मिळून ते बुजवायचं ठरवलं. मातीचे ट्रक आले तशा तुम्ही पुढे झालात. लुगड्याचा काचा मारलात आणि गुडघाभर चिखलात उतरलात. मी काठावर बादली धरून उभी होते. तुम्ही हातांनी मासे धरून बादलीत टाकत होतात आणि ट्रकवाला वर हॉर्न वाजवत होता. रोहू निघाले, दोन कटले निघाले, बाकी बिननावाची चिल्लीपिल्ली. भाऊजी ज्या पाण्यात पोहायला शिकले त्या पाण्यातली तेवढीच चीज तुमच्या हाती लागली आणि ती तुम्ही हौदात आणून सोडलीत.

मी सांगलीकडची. कृष्णाकाठची मुलगी समुद्राकाठी दिली, तिला ना तुमची बोली कळायची, ना सुक्या बोंबलाचा वास सहन व्हायचा. त्या घरात मला कारणाशिवाय बसायला एकच जागा होती, ती म्हणजे हौदाचा कठडा. माहेरची आठवण आली की मी तिथे जाऊन बसायची. तुम्ही कधी विचारलं नाहीत की काय झालं. तांदळाच्या पिठाचा गोळा माझ्या हातात द्यायचात, "घाल गो त्यांना," म्हणायचात आणि आपल्या कामाला लागायचात. एवढ्या वर्षांत माझ्या सख्ख्या माणसांनीसुद्धा मला इतकं बरोबर ओळखलं नाही. हे तुमच्या तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "भांडी घास आता."

आणि तुमचं तरी काय एकेक! तव्यावर बोंबील तळता तळता तुम्ही हौदातल्या मोठ्या रोहूच्या तब्येतीची चौकशी करायचात. "म्हातारा आज खाली बसलाय गो, खाल्लं नाय त्यानं." मी म्हणायची, तव्यावर आहे तो पण कुणाचा तरी म्हातारा असेल. तुम्ही म्हणायचात, "तो बाजारातला. हा घरचा." यापुढे तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा.

मग नळ आला. दिवसाआड का होईना, दाराशी पाणी. तुम्ही हौसेने नळीच हौदात सोडलीत, आणि संध्याकाळपर्यंत बरीचशी चिल्लीपिल्ली उताणी झाली. "कुनी काय घातलं पान्यात?" म्हणून तुम्ही कंबर कसून कुंपणाशी उभ्या राहिलात. शेजारचे बिचारे जेवत होते. मी ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं तर दवाखान्यासारखा वास. म्हटलं, वहिनी, हा क्लोरीन. माणसांसाठी घालतात, माशांना मारतो. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जसं काही मीच तो नळात भरला होता. "मंग काढ तो," म्हणालात.

काढायचा कसा, यावर मग आपली प्रयोगशाळा सुरू झाली. तुम्ही तुरटी फिरवलीत. पाणी आरशासारखं झालं आणि आणखी दोन मासे गेले. नंतर तुळस घातलीत. मी म्हटलं, याने देव प्रसन्न होईल, क्लोरीन होणार नाही. मग फडक्यात बांधून कोळसा. त्याने थोडा गुण आला, पण हौद काळा झाला. शेवटी पुलाजवळच्या मावशींनी सांगितलं की पाणी उघडं ठेवा, उन्हात दोन दिवस बसू द्या, वास आपोआप उडतो. झालं! तुम्हांला तेच हवं होतं, फुकटातलं. भंगारवाल्याकडून निळी पिंपं आली, मागच्या भिंतीला ओळीने लागली, वर तुमची जुनी लुगडी ताणून बांधली. नळाला पाणी आलं की पिंपं भरायची, दोन दिवस ऊन खाऊ द्यायचं, आणि मग बादलीबादलीने हौदात. बादल्या कोण उचलायचं? आपण दोघी. ह्यांची पाठ तेव्हा नेमकी दुखायची.

मी म्हणायची, दुकानात औषध मिळतं. चार थेंब टाकले की पाणी तयार. पिंपं गेली तर तिथे दोन अबोलीची रोपं तरी लागतील. डास होतात ते वेगळंच. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, "पान्यातलं विष मारायला आनखी एक विष? आनि ते पैसे टाकून?" मी बाटलीची किंमत सांगितली की तुम्ही कपाळाला हात लावायचात. "ते काचेच्या पेटीवाल्यांचं काम. आपला हौद हाय. त्याला थेंब घालीत बसलीस तर वाडी इकावी लागेल." मी म्हणायची, तुमच्या गुडघ्यांना काही किंमत आहे की नाही? तुम्ही म्हणायचात, गुडघे फुकट मिळाले आहेत. असं ते दर उन्हाळ्यात चालायचं, पावसात जरा गोडावलेली विहीर पुन्हा खारी व्हायची तेव्हा. मला वाटायचं, कधीतरी तुम्ही ऐकाल. तुम्हांला वाटायचं, कधीतरी मी गप्प बसेन.

यंदा तुम्ही दवाखान्यात आणि मी एकटी पिंपांशी. तुम्हांला भेटायला आले तेव्हा मी चिडलेलीच होते. म्हटलं, वहिनी, आता माझ्याच्याने होत नाही, मी बाटली आणते. तुमच्या नाकाला नळी होती, बोलायला धाप लागत होती. भिंतीकडे तोंड फिरवलंत. मीही हट्टाने खुर्चीवर बसून राहिले, म्हटलं, वळतील आणि बोलतील. भेटायची वेळ संपली, नर्सबाईने मला उठवलं. दुसऱ्या दिवशी तुम्हांला घरी आणलं ते आडवंच. बाटली मी आणली नव्हती. पिंपं भरली होती, काठोकाठ, तुमच्या पद्धतीने. हे तुम्हांला सांगायचं राहून गेलं.

आता त्या दिवशीचं ऐका.

मी पुढच्या ओटीवर तुमच्या पायाशी बसले होते. अर्नाळ्याहून आत्याबाई आल्या होत्या. आपल्या सासऱ्यांची बहीण ती, घरात कुणी गेलं की सगळं हातात घेते. तुम्हांला उचललं, पुरुषमाणसं निघाली, आणि आतून आत्याबाईंचा आवाज आला, "घरातलं भरलेलं पानी ओता सगळं." रीतच आहे. माणूस गेलं की भरलेलं पाणी ठेवत नाहीत. हंडे ओतले, कळशा ओतल्या, देवाजवळचा तांब्या ओतला. मी ऐकत होते. पाण्याचा आवाज मागच्या बाजूला गेला, धो धो, खूप वेळ. वहिनी, मला कळलं नाही. डोकं चालत नव्हतं. मला वाटलं, न्हाणीतलं पाणी असेल.

आंघोळ करून मी मागच्या दारी गेले तर सगळी पिंपं उपडी. अंगणात चिखल. आणि हौदात नळी, नळ सोडलेला, त्या दिवशी पाण्याचा वार होता. आत्याबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, पदर खोचलेला, म्हाताऱ्या बाईला धाप लागली होती. मला पाहून म्हणाल्या, "माशांचं पन पानी बदललं गो. निम्मं उपसलं, आता ताजं भरतेय. त्यांची पन मालकीन गेली ना. त्यांना नको का सुतक?"

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. नळ बंद केला, नळी ओढून काढली. तोवर हौद भरला होता आणि त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मासे वर आले होते. सगळे. तोंडं पाण्याबाहेर काढून उघडझाप करत होते. म्हातारा कठड्याच्या कडेला, एका अंगावर कललेला. आत्याबाई म्हणाल्या, "भुकेजलेत वाटतं." आणि पीठ आणायला आत निघाल्या.

काय करणार होते मी? विहिरीचं पाणी मिठासारखं. नळाचं पाणी म्हणजे तेच विष. उन्हात बसलेलं जे होतं ते सगळं चिखलात गेलेलं. दोन दिवस थांबा म्हणून माशांना सांगू? तुमच्या पद्धतीला दोन दिवस लागतात, वहिनी, आणि माझ्याकडे तासभरही नव्हता. हे स्मशानातून यायचे होते. त्यांनी सकाळी दूध-साखरेसाठी दिलेले पैसे कमरेला होते. तशीच निघाले.

स्टेशनजवळच्या त्या रंगीत माशांच्या दुकानात मी याआधी फक्त किंमत विचारायला गेले होते, तुम्हांला ऐकवायला. पोराला म्हटलं, क्लोरीन मारायचं औषध दे, लवकर.

"टँक किती फुटाचा, मॅडम?"

"टँक नाही. हौद आहे."

"हौद मतलब?" मी दोन्ही हात पसरले, मग तेवढेच नाहीत म्हणून दुकानाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दाखवलं. "बापरे. फिश कुठले आहेत? कोई, ते जपानी रंगीत?"

"रोहू."

तो हसला. "रोहू तर लोक खातात, मॅडम."

सुतकातल्या बाईने दुकानाची पायरी चढू नये म्हणतात. मी पायरी चढले होते आणि वर त्याच्या कानाखाली वाजवायच्या बेतात होते. माझ्या तोंडाकडे पाहून त्याने हसू आवरलं. काचेवर एक निळी बाटली ठेवली, परदेशी. तिच्या शेजारी एक साधी, इथलीच. आणि एक प्लॅस्टिकची पिशवी, आत खडीसाखरेसारखे खडे. म्हणाला, "हा हायपो. फोटो धुवायला वापरायचे ना, तोच. हौदाला हाच परवडेल. क्लोरीन पाच मिनिटांत मारतो."

"मग बाटल्या कशाला ठेवतोस?"

"निळीवाली कल्ल्यांना पण आराम देते. फिश तडफडत असतील तर तीच घ्या, मी सांगतो. पण तुमच्या हौदाला एकीने काय होणार? आहेत तेवढ्या सगळ्या लागतील."

पैसे होते, वहिनी. सगळे काढून ठेवले असते तर सगळ्या नाही, पण बऱ्याच निळ्या बाटल्या आल्या असत्या. घरी माणसं जमली होती, त्यांना बिनदुधाचा चहा मिळाला असता, एवढंच. मी एक बाटली हातात घेतली. आणि त्या दुकानात, त्या पंपांच्या बुडबुड्यांच्या आवाजात, मला तुमचा आवाज ऐकू आला. "काचेच्या पेटीवाल्यांचं काम ते." इतका स्पष्ट की मी बाटली खाली ठेवली. एवढी वर्षं तुमचं ऐकलं नाही, आणि ऐकलं तर नेमकं त्या दिवशी. खड्यांची पिशवी घेतली आणि निघाले.

घरी आले तेव्हा हे अंगणात उभे होते, पंचा नेसून, ओले. "आज? आजच जायचं होतं तुला?" म्हणाले. मी बादलीत खडे विरघळवत होते. हौदात पाणी किती, खडे किती घालायचे, मला कुठे ठाऊक? तुम्ही कठड्याकडे नुसतं पाहून सांगायचात. मी अंदाजाने टाकलं, हाताने हौद ढवळला, खांद्यापर्यंत आत गेले. ह्यांनी ते पाहिलं. पलीकडून तेही हात घालून ढवळायला लागले.

आणि वास गेला. खरंच गेला, वहिनी, बघता बघता. ओंजळ भरून हुंगलं, काही नाही, नुसतं पाणी. म्हणजे माझंच खरं होतं. एवढ्या वर्षांचं भांडण मी जिंकले, आणि समोर म्हातारा उताणा होऊन तरंगत होता.

कल्ले आधीच भाजले होते. पाणी सुधारलं, पण मासे सुधारायला उशीर झाला. संध्याकाळपर्यंत एकेक करून वर येत राहिले. मी काढायची, ह्यांनी केळीच्या बुंध्याशी खड्डा घेतला होता तिथे ठेवायची. आत्याबाई पिठाचा गोळा हातात घेऊन पायरीवर बसल्या होत्या. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं, पण त्यांना कळायला लागलं होतं. शेवटी म्हणाल्या, "माझ्या हातनं झालं का गो हे?"

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "नाय गो आत्या, उन्हानं झालं." मला ते जमलं नाही. मी "हो" म्हटलं. म्हातारीने पिठाचा गोळा पदरात बांधला आणि आत जाऊन भिंतीशी निजली. त्यांनी तुमच्यावर माया केली होती, मला कळत होतं. तुमचे मासे म्हणजे घरातली माणसं, असं त्या घरात तुमच्याशिवाय फक्त त्यांनाच वाटलं. तरी मला दया आली नाही. अजूनही पुरती येत नाही.

आणि ती निळी बाटली माझी पाठ सोडत नाही. ती घेतली असती तर? कल्ल्यांना आराम, म्हणाला होता पोरगा. विकायचं म्हणून म्हणाला असेल. खरं म्हणून म्हणाला असेल. हे म्हणतात, उशीर झालाच होता, काही घेतलं असतं तरी तेच. मी मान डोलावते. मग भांडी घासताना, तांदूळ निवडताना, तुमचं लुगडं घडी करताना पुन्हा तेच. स्वस्त घेतलं म्हणून गेले का? तुमच्या काटकसरीने तुमचेच मासे मारले का? कुणाशी भांडू मी यावरून? भांडणाला उत्तर द्यायला तुम्ही हव्यात ना. एकटीने किती बोलायचं?

एक राहिलाय. त्या चिल्ल्यापिल्ल्यांतला, बिननावाचा, बोटाएवढाही नव्हता तो आता वीतभर झालाय. एका बाजूला कलून फिरतो. खात नाही. पीठ टाकलं की ते त्याच्या अंगावरून खाली जातं. रोज सकाळी मी डोळे मिटून मागचं दार उघडते. नळाचं पाणी आलं की बादलीत घेते, खडे घालते, हुंगते, पुन्हा हुंगते, ह्यांनाही हुंगायला लावते, आणि मग तांब्यातांब्याने सोडते. पिंपं उभी करून भरायला हवीत. ती एकटीने भरायला हात धजत नाही. आणि तो जगेल असं मला वाटत नाही, वहिनी. हे मी ह्यांना बोलले नाही. तुम्हांलाच सांगते आहे.

आज सकाळी दहाव्याला किनाऱ्यावर गेलो. बायका सहसा जात नाहीत, मी गेले, आणि माझ्या मागून आत्याबाईही आल्या. वारा होता. भटजींनी सगळं करून घेतलं, ह्यांनी पिंड ठेवला. मला पुढचं माहीत होतं. कावळा शिवला नाही की जाणाऱ्याचं मन कशात तरी अडकलंय म्हणतात, मग घरचं माणूस पुढे होऊन सांगतं, काळजी करू नका, आम्ही सांभाळू. तुमचं मन कशात अडकणार ते मला सोडून कुणाला कळणार होतं? काय बोलायचं ते मी वाटेतच ठरवून ठेवलं होतं. हात जोडून पुढे व्हायची तयारी करून उभी होते.

ह्यांनी हात मागे घेतला न घेतला तोच कावळा आला आणि त्याने चोच मारली.

"सुटली गो बाय," आत्याबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "कसलीच इच्छा नव्हती मागं." सगळ्यांनी हात जोडले. ह्यांना किती दिवसांनी नीट श्वास आला. लोक वाळूतून परत फिरले, आणि मी तिथेच उभी. मला राग आला, वहिनी, तुम्हांला नेलं तेव्हाही आला नव्हता इतका. एवढी घाई? बावखलाच्या चिखलात उतरलेली बाई, दवाखान्यात माझ्याकडे पाठ फिरवणारी बाई, आणि जाताना मागे वळून एक शब्दसुद्धा नाही?

मी सांगणार होते की मासे सगळे चांगले आहेत. म्हातारा खातोय, कटले खातायत, पाणी तुमच्या पद्धतीनेच भरते. समुद्रासमोर, भटजींसमोर, आत्याबाई शेजारी उभ्या असताना सांगणार होते. एकदा तरी विचारायचं होतं तुम्ही. मी धडधडीत खोटं बोलले असते.